मिस्वाक, टूथपेस्ट आणि फ्लोराइड

मुखशुद्धी हा आपल्याकडे केवळ आरोग्याचा विषय कधीच नव्हता. अनुयायांवर भार पडेल ही काळजी नसती, तर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रत्येक नमाजच्या वेळी मिस्वाक अनिवार्य ठरविली असती, या आशयाची हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. रात्री उठल्यावर ते मिस्वाकने तोंड स्वच्छ करीत. अखेरच्या आजारात, अगदी शेवटच्या घटकेलाही, ह. आयशा (रजि.) यांनी मऊ करून दिलेली मिस्वाक त्यांनी वापरली, हेही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ज्या समाजाला दात स्वच्छ ठेवण्याची इतकी स्पष्ट शिकवण मिळाली, त्या समाजातील मुलांचे दात किडू नयेत अशी अपेक्षा करणे वावगे नाही. वस्तुस्थिती मात्र तशी नाही. बिस्किटे, चॉकलेटे, गोड चहा आणि रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपण्याची सवय यांनी आपल्या घरातही शिरकाव केला आहे.

त्यातच गेल्या काही वर्षांत एक नवा संभ्रम वाढला आहे. मोबाइलवर एक संदेश फिरतो: टूथपेस्टमधील फ्लोराइड हे विष आहे, त्याने हाडे ठिसूळ होतात, मुलांची बुद्धी मंदावते, म्हणून पेस्ट टाकून द्या. दुसरीकडे दूरदर्शनवरील जाहिरातीत ब्रशच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पेस्टची जाड लड पसरलेली दिसते, आणि तीन वर्षांच्या मुलाच्या ब्रशवरही आई तेवढीच पेस्ट लावते. पहिले घर भीतीने चुकते, दुसरे निष्काळजीपणाने. फ्लोराइड किती, कोठे आणि कोणत्या वयात, हा एकच प्रश्न दोन्ही घरांत विचारला जात नाही.

दात कसा किडतो हे आधी पाहू. दाताचे बाहेरचे कवच म्हणजे एनॅमल. शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ होय. तो मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या स्फटिकांचा बनलेला असतो. दातांवर साचणाऱ्या चिकट थरात जंतू राहतात. आपण गोड किंवा पिठूळ पदार्थ खाल्ला की हे जंतू त्यातील साखरेपासून आम्ल तयार करतात. आम्लता एका मर्यादेपलीकडे गेली की स्फटिकांतील खनिजे विरघळून बाहेर पडू लागतात. काही वेळाने लाळ आम्ल निष्प्रभ करते आणि ती खनिजे दातात परत भरू लागतात. ही झीज आणि भरपाई दिवसातून अनेकदा चालते. ज्याच्या तोंडात झीज अधिक आणि भरपाई कमी, त्याच्या दाताला प्रथम पांढुरका डाग पडतो आणि पुढे खड्डा पडतो.

फ्लोराइड या भरपाईच्या बाजूने काम करते. लाळेत ते अल्प प्रमाणात असले, तरी परत बसणारी खनिजे अधिक घट्ट बसतात, आणि जो नवा स्फटिक बनतो त्याला विरघळवायला अधिक तीव्र आम्ल लागते. यातील ध्यानात घेण्याची गोष्ट ही, की हा लाभ मुख्यतः दाताच्या पृष्ठभागावर मिळतो, पोटात गेल्याने नव्हे. टूथपेस्ट गिळण्यासाठी नसून दातांना लावून थुंकण्यासाठी आहे, याचे कारण यातच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली फ्लोराइडयुक्त टूथपेस्टचा समावेश आवश्यक औषधांच्या यादीत केला, तो याच उपयोगासाठी.

फ्लोराइडचा गुण आणि दोष हे दोन्ही एकाच शोधातून जगापुढे आले, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. १९०१ साली फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी व्यवसायासाठी गेला. तेथे जन्मलेल्या अनेकांच्या दातांवर चॉकलेटसारखे तपकिरी डाग होते. गावकरी त्याची निरनिराळी कारणे सांगत. कोणी डुकराचे मांस अति खाण्याला दोष देई, कोणी निकस दुधाला, तर कोणी पाण्यातील चुन्याला. मॅके आणि नंतर त्याच्यासोबत काम करणारे नामवंत दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांना दोन गोष्टी आढळल्या. प्रौढपणी त्या गावात राहायला आलेल्यांना हे डाग पडत नाहीत. ज्यांना पडले आहेत त्यांचे दात मात्र सहसा किडत नाहीत. कारण सापडायला १९३१ साल उजाडले. अॅल्युमिनियम बनविणाऱ्या एका कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी आर्कान्सामधील बॉक्साइट या गावच्या पाण्याची तपासणी केली, तेव्हा त्यात फ्लोराइड भरपूर आढळले. पुढे ट्रेंडली डीन यांनी गावोगावचे पाणी आणि तेथील मुलांचे दात यांची तुलना केली आणि निष्कर्ष मांडला, की लिटरमागे सुमारे १ मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर दातांना संरक्षण मिळते आणि डाग बहुतेक पडत नाहीत. प्रमाण वाढत जाईल तसे डाग वाढतात. जानेवारी १९४५ मध्ये मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स शहराने आपल्या नळाच्या पाण्यात ठरावीक प्रमाणात फ्लोराइड मिसळण्यास प्रारंभ केला. असे करणारे ते जगातील पहिले शहर होय.

आपल्या देशात नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळले जात नाही, आणि त्याची गरजही नाही. आपला प्रश्न उलट आहे. अनेक जिल्ह्यांत ते जमिनीनेच पाण्यात मिसळून ठेवले आहे. हाडांच्या फ्लोरोसिसची भारतातील पहिली नोंद १९३७ साली तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून झाली. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत हा दोष गंभीर आहे. पांढरकवडा परिसरातील आणि किनवट तालुक्यातील गावे यासंबंधीच्या अभ्यासांत वारंवार येतात. तेथील काही विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट, तर काही ठिकाणी त्याहूनही अधिक आढळले आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते.

हे कसे घडते? काही प्रकारच्या खडकांत फ्लोराइडयुक्त खनिजे असतात. पाणी अशा खडकांत जितके खोल आणि जितका दीर्घकाळ मुरून राहते, तितके फ्लोराइड त्यात अधिक उतरते. पावसाच्या पाण्यात ते जवळजवळ नसते. आडातील उथळ पाण्यात बहुधा कमी असते. आड बुजवून दोनशे-तीनशे फूट बोअर घेतला, पाणी स्वच्छ, थंड आणि भरपूर लागले, म्हणून सगळ्यांना आनंद झाला, आणि संकट नेमके त्या पाण्यातून आले, असे अनेक गावांत घडले. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चवही नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण किंचित वाढते. जंतू मारणाऱ्या अतिनील किरणांच्या यंत्राचाही त्याच्यावर काही परिणाम होत नाही.

अशा पाण्याचा पहिला आघात लहान मुलांवर होतो. कायमचे दात हिरडीच्या आत जन्मापासून साधारण आठ वर्षांपर्यंत घडत असतात. या काळात पोटात जादा फ्लोराइड गेले, तर दात बाहेर येतानाच पांढरट खडूसारखे, पट्टे असलेले किंवा तपकिरी डागांचे येतात. पुढच्या दातांच्या दृष्टीने पहिली तीन वर्षे सर्वांत नाजूक असतात. आठ-नऊ वर्षांनंतर कितीही फ्लोराइड मिळाले, तरी पुढच्या दातांवर हा दोष नव्याने निर्माण होत नाही. कोलोरॅडोत बाहेरून आलेल्या प्रौढांना डाग पडत नसत, त्याचे कारण हेच. एकदा घडलेला डाग दाताच्या घडणीतच असतो. घासून तो जात नाही.

ही शेवटची बाब वाचकांनी मनावर घ्यावी. डाग असलेल्या मुलाला शाळेत ‘दात घासत नाही’ म्हणून हिणवले जाते. घरीही तोच आरोप होतो आणि ते मूल राखुंडी, विटेची भुकटी, मीठ असे काहीबाही घेऊन हिरड्या सोलून काढते. मुलगी असेल तर ती ओढणीआड तोंड लपवून हसते आणि स्थळे येऊ लागली की घरच्यांची काळजी वाढते. तिने कोणताही निष्काळजीपणा केलेला नसतो. ती त्या गावचे पाणी प्याली, एवढेच. सौम्य डागांवर दंतवैद्याकडे उपाय आहेत, तीव्र डाग झाकण्याचेही उपाय आहेत. ज्या घराने स्थळ म्हणून तिला पाहायचे आहे, त्या घरानेही दातांवरील डाग आणि अस्वच्छता यांतील फरक जाणून घ्यावा.

दुसरा आघात हाडांवर होतो. त्याला पुष्कळ वर्षे लागतात. फार जादा फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, की मान, पाठ आणि सांधे दुखू लागतात, पुढे ताठर होतात. तपासणीला गेलेले आरोग्य कर्मचारी अशा गावांत साध्या हालचाली करवून घेतात: हनुवटी छातीला टेकते का, गुडघे न वाकवता जमिनीवरील नाणे उचलता येते का. आपल्यातील ज्या वडीलधाऱ्यांना रुकूत वाकता येत नाही, सजद्यातून उठताना हाताचा आधार लागतो, ते ‘वय झाले’ म्हणून खुर्चीवर नमाज अदा करू लागतात. बहुतेकांच्या बाबतीत ते वयच असते. परंतु गावातील अनेक माणसे चाळिशीतच अशी ताठर होत असतील, तर बोअरच्या पाण्याकडे संशयाने पाहावे. आहारात कॅल्शियम कमी असणाऱ्यांना हा त्रास अधिक होतो. म्हणून गरीब घरांत त्याची तीव्रता जास्त दिसते. शासनाचा फ्लोरोसिस प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८-०९ पासून चालू आहे आणि त्यात पाणी, तपासणी व उपचार या तिन्ही बाजू येतात.

उपाय अवघड नाहीत, पण ते तपासणीपासूनच सुरू होतात. आपल्या राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, आणि गावचा पाणीनमुना पाठविण्याचे काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे असते. आकडा मर्यादेबाहेर आला, तर निदान पिण्याला आणि स्वयंपाकाला दुसरे पाणी शोधावे: उथळ विहीर, नळयोजना, छपरावरील पावसाचे पाणी. आंघोळ, धुणे आणि वुजू यांसाठी बोअरचे पाणी वापरण्यास हरकत नाही, कारण त्वचेतून फ्लोराइड शरीरात शिरत नाही. घरात आरओ यंत्र असेल तर ते फ्लोराइड बरेचसे काढते. गावपातळीवर नागपूरच्या नीरी या संस्थेने विकसित केलेली नालगोंडा पद्धत आहे. पाण्यात ठरावीक प्रमाणात चुना, तुरटी आणि ब्लिचिंग पावडर टाकून ते ढवळतात. गाळ खाली बसला की फ्लोराइड त्याच्यासोबत जाते आणि वरचे पाणी गाळून घेतात. मात्र तुरटीचा डोस पाण्याच्या तपासणीवरून ठरतो. अंदाजाने तुरटी फिरवून हे साधत नाही. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर दोन वर्षांचे स्तनपान हे उत्तम संरक्षण आहे. आईच्या पिण्यात जादा फ्लोराइड असले, तरी तिच्या दुधात ते अत्यल्पच उतरते. पावडरचे दूध बोअरच्या पाण्यात कालवून दिले, तर मात्र ते सर्व बाळाच्या पोटात जाते.

आता टूथपेस्टकडे वळू. आपल्या कायद्यानुसार टूथपेस्टमध्ये फ्लोराइड १,००० पीपीएमपेक्षा अधिक असता कामा नये आणि ते किती आहे हे नळीवर छापणे बंधनकारक आहे. १,००० पीपीएम म्हणजे एका ग्रॅममध्ये १ मिलिग्रॅम. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट लावावी, असे दंतवैद्यांचे सांगणे आहे. त्यात फ्लोराइड साधारण ०.१ मिलिग्रॅम येते. ते सगळे गिळले गेले तरी चिंता नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी, म्हणजे सुमारे ०.२५ मिलिग्रॅम. जाहिरातीतील लड एक ग्रॅमच्या आसपास भरते. लहान मूल त्यातील बराच भाग गिळते, आणि दिवसातून दोनदा वर्षभर हे चालले, तर घरी पाणी शुद्ध असूनही डाग पडू शकतात. संपूर्ण नळीचा हिशेबही पाहू. १०० ग्रॅमच्या नळीत १०० मिलिग्रॅम फ्लोराइड असते. किलोमागे ५ मिलिग्रॅम ही मात्रा तातडीने दवाखाना गाठण्याची समजली जाते. दहा किलो वजनाच्या बाळाने अर्धी नळी चाटून-पिळून खाल्ली, तर ती मात्रा भरते. म्हणून स्ट्रॉबेरीच्या चवीची पेस्ट मुलाच्या हाती देऊन आईने स्वयंपाकघरात जाऊ नये. नळी उंचावर ठेवावी आणि ब्रशवर पेस्ट मोठ्यांनीच लावावी. पाण्यात आधीच फ्लोराइड मर्यादेबाहेर असेल अशा गावी लहान मुलांना फ्लोराइडविरहित पेस्ट द्यावी, असा सल्ला दिला जातो. दंतवैद्याकडे जाताना पाण्याचा आकडा सोबत न्यावा. त्याशिवाय त्यालाही नीट सांगता येत नाही.

मशेरीचा उल्लेख येथे टाळता येत नाही. ‘पेस्टमध्ये रसायने असतात’ म्हणून ती नाकारणाऱ्या काही घरांत स्त्रिया भाजलेल्या तंबाखूची मशेरी मात्र बिनदिक्कत लावतात, गरोदरपणीसुद्धा. फ्लोराइडच्या भीतीने तंबाखू पत्करणे याला काय म्हणावे!

मिस्वाक असताना पेस्ट कशाला, असाही प्रश्न येतो. पीलूच्या काडीचे तंतू दातांवरील थर चांगला खरवडतात. तिच्यातील काही द्रव्ये जंतूंना रोखतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही १९८६ मध्ये तिच्या वापराला प्रोत्साहन दिले होते. टोक वरचेवर कापून ताजे केले आणि हिरडीकडून दाताच्या टोकाकडे हळुवार फिरविली, तर हिरड्यांसाठी ती फार उपयुक्त आहे. जोराने आडवी घासली तर हिरडी मागे सरते. तिच्यात फ्लोराइड आहे, परंतु ते पेस्टच्या तुलनेत अत्यल्प आहे, आणि त्याच्या भरवशावर राहता येत नाही. ज्या मुलाचे दात किडू लागले आहेत त्याला मिस्वाकसोबत पेस्टही लागेल. मिस्वाक ही सुन्नत आहे, पेस्ट हा इलाज आहे. एकाने दुसऱ्याची जागा घेण्याचे कारण नाही.

दोहोंची वेळ मात्र विचारपूर्वक ठरवावी. वुजूत आपण तीन वेळा चूळ भरतो. ब्रश करून लगेच वुजू केला, तर दातांवर राहिलेले फ्लोराइड धुऊन जाते. म्हणून मिस्वाक वुजूच्या वेळी करावी आणि पेस्टचा ब्रश रात्री झोपण्यापूर्वी, वुजू आटोपल्यावर, सर्वांत शेवटी करावा. फेस थुंकावा, पण नंतर पाण्याने खळखळून चूळ भरू नये. झोपेत लाळ कमी सुटते, दातांचे नैसर्गिक संरक्षण मंदावते, आणि नेमके तेव्हा दातांवर राहिलेले फ्लोराइड कामी येते. ब्रश केल्याने वुजू जात नाही. हिरड्यांतून रक्त आले तर हनफी मतानुसार थुंकीत रक्त वरचढ असल्यास वुजू पुन्हा करावा लागतो. शाफई मतानुसार तो तुटत नाही. आपल्या राज्यात देशावरील बहुसंख्य हनफी आणि कोकणातील बहुसंख्य शाफई असल्यामुळे ही तफावत एकाच शहरात, कधी कधी एकाच घरात दिसते. पण रोज रक्त येत असेल तर मसल्याइतकाच दंतवैद्यही महत्त्वाचा आहे.

रमजानमध्येही हाच भेद दिसतो. हनफी मताप्रमाणे रोजात दिवसभर मिस्वाक करता येते. शाफई मतात दुपार ढळल्यावर ती मकरूह मानली जाते. पेस्टने, काहीही घशाखाली न गेल्यास, रोजा तुटत नाही. तथापि चव आणि फेस घशात जाण्याचा धोका असल्याने अनेक उलेमा ती मकरूह मानतात. दातांच्या दृष्टीने रोजात पेस्टची गरजच नाही. सहरी संपवून वेळ उरला असता एकदा, आणि तरावीहनंतरचे खाणेपिणे आटोपल्यावर एकदा, असे दोन ब्रश पुरेसे आहेत. खरा धोका इफ्तारपासून मध्यरात्रीपर्यंत थोड्या थोड्या वेळाने चालणाऱ्या सरबत, जिलेबी आणि फिरनीचा आहे. गोड एकदाच, जेवणासोबत खाल्ले, तर दातांना सावरायला अवधी मिळतो.

राहिला बुद्धी मंदावण्याचा आरोप. तो निराधार नाही, पण संदेशात येतो तसाही नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने ऑगस्ट २०२४ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड असणाऱ्या ठिकाणी मुलांचा बुद्ध्यंक कमी असण्याशी त्याचा संबंध दिसतो, असे त्यात मध्यम खात्रीने म्हटले आहे. अमेरिकी नळाच्या पाण्यातील ०.७ मिलिग्रॅम या प्रमाणाविषयी मात्र निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही, असेही तेथेच नमूद आहे. २०२५ मध्ये युटा राज्याने नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळण्यास बंदी केली. तो वाद नळाच्या पाण्याचा आहे. तो आपल्याकडे पोहोचताना ‘अमेरिकेने फ्लोराइडवर बंदी घातली, पेस्ट फेका’ असा होऊन पोहोचतो. बातमी आली असता तिची शहानिशा करण्याचा आदेश सूरह अल-हुजुरातमध्ये आहे. या बातमीची शहानिशा केली, तर तिचा रोख आपल्या न्हाणीघरातील पेस्टकडे नसून यवतमाळ-नांदेडच्या बोअरकडे निघतो.

बहुतेक मशिदींच्या आणि मदरशांच्या आवारात स्वतःचा बोअर असतो. त्यावर शीतपेटी बसविलेली असते आणि वसतिगृहातील मुले दहा-दहा वर्षे तेच पाणी पितात. विश्वस्तांनी त्या पाण्याचा नमुना एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर प्रयोगशाळेत द्यावा आणि आलेला आकडा नमाजच्या वेळापत्रकाशेजारी फलकावर लावावा.